नुकसान हेक्टरात मोजलंत, आता मजुरीच्या दिवसांतही मोजा

मंत्रालयातल्या मदत व पुनर्वसन विभागाच्या आणि पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाच्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना,

नमस्कार. मी सीना नदीच्या काठावरच्या एका गावात राहते आणि सेवा केंद्र चालवते. सातबारा, आठ अ, उत्पन्नाचे दाखले, फार्मर आयडी, केवायसी, पीक विमा असली सगळी कामं माझ्याकडे असतात, म्हणजे तुम्ही मुंबईत जीआर काढता तो गावात पहिल्यांदा माझ्या काउंटरवर येतो. आईवडील दोघंही मजूर आहेत आणि आमच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कुठून लिहिलंय ते कळेल.

आमची सीना म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने वाळू, वेड्या बाभळी आणि मधे मधे डबकी. लहानपणी आम्ही पात्रातूनच पलीकडच्या गावाला चालत जायचो. २०२५ च्या सप्टेंबरात तीच नदी रात्रीत घरात आली. वर धो धो पाऊस, धरणं भरलेली, वरून पाणी सोडलेलं, आणि खाली आम्ही. माणसं शाळेच्या स्लॅबवर, जनावरं दाव्याला तशीच, ज्यांना सोडायला वेळ मिळाला त्यांची वाचली. सोलापूर, धाराशिव, बीड सगळीकडे हेच, टीव्हीवर तुम्ही पाहिलंच आहे म्हणून जास्त लिहीत नाही.

मग ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मी ते नीट वाचलंय, लोकांना समजावून सांगायचं माझं कामच आहे. कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००, तीन हेक्टरपर्यंत, वर रब्बीच्या तयारीला हेक्टरी १० हजार, खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतचं काम. जनावरांचं, घरांचं, विहिरींचं पण होतं. हे मिळायलाच पाहिजे होतं आणि खरं तर अजून जास्त मिळायला पाहिजे होतं, शेतकऱ्याचं काय झालंय ते मी रोज बघते, त्यामुळे कुणी हे पत्र शेतकऱ्याच्या विरोधात आहे असं समजू नये. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या सगळ्या आकड्यांच्या पुढे हेक्टर लिहिलेलं आहे, आणि ज्याच्याकडे हेक्टर नाही, ज्याची मजुरी बुडाली, त्याच्यासाठीची ओळ मी शोधली आणि मला ती सापडली नाही.

दिवाळीच्या तोंडावर माझ्याकडे रोज रांग असायची. यादीत नाव आलं की शेतकऱ्याला एक विशिष्ट क्रमांक मिळतो, तो घेऊन यायचं, अंगठा द्यायचा, केवायसी झाली की पैसे खात्यात. ज्यांचा फार्मर आयडी आहे त्यांना केवायसीची गरज नाही असं नंतर आलं, पण लोक भीतीपोटी येतच होते. एके दिवशी एक मावशी आल्या, प्लास्टिकच्या पिशवीत आधार आणि बँकेचं पासबुक, पुरात भिजून पासबुकाची पानं चिकटलेली. म्हणाल्या, माझं नाव बघ की गं यादीत. मी म्हटलं नंबर सांगा. त्या म्हणाल्या, कसला नंबर. मी म्हटलं, मावशी, तुमच्या नावावर रान नाही ना, मग यादीत नाव कसं येईल. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "रान न्हाय म्हणूनच तर आले बाई. रान आसतं तर भरपाई घरला आली आसती."

मला काय बोलावं सुचेना. मी यादी परत उघडून बघितल्यासारखं केलं, नाव नसणार हे माहीत असून. त्या तशाच उठून गेल्या, मागच्या माणसाने विशिष्ट क्रमांक पुढे केला आणि मी त्याचा अंगठा घेतला.

साहेब, आमच्याकडे सोयाबीनची काढणी म्हणजे मजूर बायांचा वर्षाचा हंगाम असतो. सात-आठ जणींची टोळी होते, एकराचं उक्तं ठरतं, पहाटे निघायचं आणि अंधार पडेपर्यंत कापायचं, हाताला कुसं टोचून टोचून बोटं सोलतात (त्यामुळेच नंतर मशीनवर अंगठा येत नाही, तो वेगळाच ताप). माझी आई त्या एका महिन्यात दहा-बारा हजार कमवायची. त्यात दुकानाची उधारी फिटायची, दिवाळी व्हायची, भावाची फी जायची. २०२५ ला सोयाबीन आठ दिवस पाण्यात उभं होतं, शेंगांना झाडावरच कोंब फुटले, दाणा काळा पडला. मालकाने रान तसंच सोडून दिलं, कापायला लावायला त्याच्याकडे तरी कुठे पैसे होते. आईची टोळी त्या महिन्यात चार दिवस कामाला गेली. फक्त चार. त्या गेलेल्या सव्वीस दिवसांचा पंचनामा कुणी केला नाही कारण तो करायचा कागदच नाही.

चुलत्याचं अजून वेगळं. ते सालगडी आहेत. तुमच्यातले जे गावातून आलेत त्यांना माहीत असेल, सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं, वर्षाची एक रक्कम, थोडं धान्य, आणि वर्षभर त्या मालकाच्या रानात. चुलत्यांच्या मालकाची नदीकडेची चार एकर काळी माती पुरात गेली, आता तिथे गोटे आणि मुरूम आहे. मालक वाईट माणूस नाही, त्याने घरी येऊन डोळ्यात पाणी आणून सांगितलं की या पाडव्याला मी तुला ठेवू शकत नाही. जमीन खरडली गेली तिला तुमच्या जीआरमध्ये शब्द आहे, रक्कम आहे. त्याच जमिनीवर ज्याचं अख्खं साल उभं होतं, त्याच्यासाठी शब्दच नाही.

आणि ही थोडी माणसं नाहीत हो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शेतकरी, म्हणजे जे स्वतःची किंवा कसायला घेतलेली शेती करतात ते, साधारण १ कोटी २६ लाख होते आणि शेतमजूर १ कोटी ३५ लाख. आपल्या राज्यात शेतकऱ्यांपेक्षा शेतमजूर जास्त आहेत आणि आपत्तीत मात्र ते मोजलेच जात नाहीत. त्यात जास्त कोण आहे तेही बघा, दलित वस्तीतली, पारध्या-वडारांच्या पालावरची, आदिवासी पाड्यावरची माणसं, एकट्या बाया, आणि ज्या शेतकऱ्याकडे एकर-दीड एकर आहे तोही अर्धं वर्ष दुसऱ्याच्या रानात मजूरच असतो. हवामान बदलाचा फटका सगळ्यांना बसतो असं भाषणात म्हणतात, ते खरं आहे, पण ज्याच्याकडे विमा आहे, सातबारा आहे, बँकेत पत आहे तो पडला तरी कशाला तरी धरून उठतो. मजुराला धरायला सावकार नाहीतर मुकादम.

मुकादमाचं नाव घेतलं म्हणून सांगते. पुरानंतर आमच्या गावातून ऊसतोडीला जाणारी कोयती वाढली. हंगाम हातचा गेला की माणूस मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि जेवढी उचल मोठी तेवढा तो पुढच्या वर्षीही बांधलेला. पोरं बरोबर जातात. माझ्या केंद्राशेजारच्या शाळेतली किती पोरं दिवाळीनंतर आलीच नाहीत ते मास्तर सांगतील. दुष्काळ पडला तरी हेच, पूर आला तरी हेच, दोन्हीकडून रस्ता फडावरच जातो. यालाच तुम्ही तुमच्या आराखड्यात अनुकूलन, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं, म्हणत असाल, तर आमची माणसं अनुकूलन कधीपासूनच करतायत, स्वतःच्या अंगावर.

आता तुम्ही म्हणाल निकषात बसत नाही. म्हणून मी निकष वाचले. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे केंद्राचे २०२२ ते २०२६ चे निकष आहेत त्यात, ज्या कुटुंबांची उपजीविका आपत्तीमुळे गंभीरपणे बाधित झालीय त्यांना मनरेगाच्या मजुरीच्या दराने, घरातल्या दोन मोठ्या माणसांपर्यंत, रोजची मदत देता येते. हे शेतकऱ्यापुरतं नाही, जमीन पाहिजे असंही नाही. केरळने २०२४ मध्ये वायनाडला दरड कोसळली तेव्हा हेच केलं, ज्यांचा रोजगार गेला त्यांना दिवसाला ३०० रुपये, घरातल्या दोघांपर्यंत, ३० दिवस, आणि घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर तिसऱ्यालाही. म्हणजे वाट आहे, कुणीतरी त्या वाटेने गेलेलं पण आहे.

आपला हिशोब करा. २०२५-२६ ला महाराष्ट्राचा मनरेगाचा दर ३१२ रुपये होता. दोन माणसं, तीस दिवस, १८,७२० रुपये. हे एका मजूर कुटुंबाला पुरानंतरच्या आठवड्यात मिळाले असते तर किती उचली टळल्या असत्या याचा विचार करा. माझ्या आईने दिवाळीला गळ्यातले मणी मोडले ते मोडले नसते, हे तर मी खात्रीने सांगते.

यादी कशी करायची हा प्रश्न तुम्ही विचाराल, कारण सातबाऱ्याची यादी कॉम्प्युटरवर तयार मिळते आणि मजुराची मिळत नाही. पण जॉब कार्ड आहेत, रेशन कार्ड आहेत, ई-श्रमवर असंघटित कामगारांची नोंद आहे, आणि सगळ्यात मोठं म्हणजे गावाला माहीत असतं कोण कुणाच्या रानात जातं. ग्रामसभेत दोन तासात यादी होईल. दरवर्षी मे महिन्यात करून ठेवा, वाचून दाखवा, आक्षेप घ्या, भिंतीवर लावा. मी स्वतः फुकट डाटा एन्ट्री करून देते, लिहून देते तसं.

हे राज्य असं नव्हतं हो. आजी बहात्तरच्या दुष्काळाचं सांगायची, खडी फोडायला जायची, तिथे सुकडी मिळायची, मिलोची लाल भाकरी खाल्ली. हाल होते, पण ती सांगायची की सरकारने काम दिलं म्हणून गाव उठलं नाही. वि. स. पागे साहेबांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला जो प्रयोग केला तो पुढे राज्याची योजना झाला, १९७७ ला त्याचा कायदा झाला, आणि मागेल त्याला काम हे अख्ख्या देशाने महाराष्ट्राकडून घेतलं. तेव्हा पाऊस पडला नाही तर मजुराचं काय होतं हे सरकारला पहिलं सुचलं होतं. त्याच राज्यात आज पंचनाम्याच्या फॉर्मवर मजुराला रकाना नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

रोजगार हमीवरून अजून एक महत्त्वाचं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. १२५ दिवसांची हमी आहे हे चांगलं, पण त्यात पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षातले मिळून ६० दिवस कामं बंद ठेवायची तरतूद आहे, शेतीला मजूर मिळावेत म्हणून. ते दिवस कोणते हे राज्याने ठरवायचंय, म्हणजे तुमच्याच हातात आहे. आता विचार करा, २०२५ सारखं वर्ष आलं, काढणीच पाण्यात गेली, रानात काम नाही, आणि नेमकं त्याच महिन्यात रोजगार हमी पण बंद, तर माणसाने जायचं कुठे? जिथे अतिवृष्टी किंवा दुष्काळ जाहीर होईल तिथे ही बंदी त्याच दिवशी आपोआप उठेल असं आधीच लिहून ठेवा. आपत्ती आल्यावर फाइल फिरायला लागली की हंगाम संपलेला असतो.

उन्हाचं पण असंच आहे, ते पुरासारखं दिसत नाही म्हणून त्याचा पंचनामा कुणाच्या डोक्यातच येत नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. रोजगार हमीच्या कामावर ऑनलाइन हजेरीसाठी दिवसातून दोनदा फोटो लागतो, त्यामुळे बाया पहाटे येऊन काम उरकून घरी जाऊ शकत नाहीत, दुसऱ्या फोटोसाठी झाडाखाली थांबतात, झाड असेल तर. मजुरी खोदलेल्या मापावर, आणि उन्हात खोदलं कमीच जातं. म्हणजे जेवढं ऊन जास्त तेवढी मजुरी कमी. उन्हाळ्यापुरती एकच हजेरी ठेवा आणि माप कमी धरा, याला पैसा किती लागतो? सेवा या बायांच्या संघटनेने २०२४ मध्ये गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५० हजार मजूर बायांसाठी उन्हाचा विमा केला, पारा ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की बाईच्या खात्यात पैसे, पंचनामा नाही, कागद नाही. एक संघटना करू शकते तर सरकार का नाही.

आता वातावरणीय बदल विभागाला खास सांगायचंय. आमच्याकडे हवामान अनुकूल शेती म्हटलं की पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. पोकराचा दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांत, ७,२०१ गावांत, ६ हजार कोटींचा आहे. ठिबक, शेडनेट, शेततळं, फळबाग, चांगल्या गोष्टी आहेत. पण आधी पैसे स्वतः घालायचे आणि अनुदान मागाहून खात्यात, मग ज्याच्याकडे आधी घालायला आहे तोच पुढे जातो. माझ्याकडे असे अर्ज भरलेले आहेत की मंजुरी आली आणि माणसाने कामच सुरू केलं नाही कारण दुकानदार उधार देईना. भूमिहीनाला शेळ्या-कोंबड्या मिळतात, ठीक आहे, पण त्याही आधी विकत घ्यायच्या.

आणि शेततळ्याचं जरा ऐकाच. प्लास्टिक टाकलेलं मोठं शेततळं पावसाने भरत नाही, बऱ्याच ठिकाणी ते बोअर चालवून भरतात. जानेवारीत खालचं पाणी उपसून वर उन्हात ठेवायचं. मग मार्चमध्ये वस्तीवरचा हातपंप हवा फेकायला लागतो आणि माझ्या आईला दोन घागरींसाठी त्याच शेततळ्याच्या मालकाच्या मोटारीवर जाऊन थांबावं लागतं, लाइट येईपर्यंत. एकाला तगवायला दिलेलं अनुदान दुसऱ्याच्या तोंडचं पाणी पळवत असेल तर ते कसलं अनुकूलन? आधी गावाच्या पिण्याच्या पाण्याचा हिशोब, मग पिकाचा, असा नियम प्रत्येक गावाच्या आराखड्यात घाला आणि त्या समितीवर भूमिहीन बाया बसवा, सह्यांपुरत्या नाही, पाणी कुठे मुरवायचं हे ठरवायला. त्यांना पाणी कुठे आहे ते चांगलं माहीत असतं, रोज शोधत फिरतात.

बटईने करणाऱ्यांचं थोडक्यात सांगते. बी त्याचं, खत त्याचं, घाम त्याचा, आणि भरपाई सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात, जो कदाचित पुण्यात असेल. कागद करायला मालक घाबरतो, कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल म्हणून. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कायदा करून कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड दिलं, मालकी हक्काला धक्का न लावता. आपल्यालाही करता येईल.

घरांबद्दल. नदीकाठची सखल जागा कुणाला मिळते? ज्याला गावठाणात जागा मिळाली नाही त्याला. आमची वस्ती आजोबांच्या काळापासून तिथे आहे, मतदान तिथूनच करतो, लाइट बिल तिथलंच येतं, पण पंचनाम्याला आलेला माणूस पहिला नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, मागतो. शेजारच्या काकांच्या पाच शेळ्या वाहून गेल्या, त्यांचे फोटो मागितले. वाहून गेलेल्या शेळीचा फोटो कुठून आणायचा? पाच शेळ्या म्हणजे त्या माणसाची बँक होती. आता काही अधिकारी म्हणतात वस्ती हलवा. हलतो की, आम्हाला काय पुराची हौस आहे? पण वरच्या अंगाला, रस्त्याजवळ, बायकोच्या आणि नवऱ्याच्या दोघांच्या नावाने जागेचा कागद द्या, आणि आधी कागद मग हलवणं, उलटं नको. गावापासून पाच किलोमीटर माळावर नेऊन टाकलं तर मजुरी कुठे शोधायची, रोज जाण्यायेण्यालाच अर्धी मजुरी जाईल.

मला माहितेय, यातलं काही केंद्राचं, काही महसूलचं, काही कृषीचं. ते तुमचं तुम्ही एकमेकांत बघा, माझ्या काउंटरवर येणाऱ्या बाईला एवढे विभाग माहीत नाहीत. तुम्ही पंचनाम्याच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा, "बुडालेले मजुरीचे दिवस". तेवढं झालं तरी पुढच्या वेळी त्या मावशी आल्या की मला यादी उघडून बघितल्यासारखं करावं लागणार नाही, खरंच नाव शोधता येईल.

आणि खरडलेल्या जमिनीवर माती टाकायची जी कामं रोजगार हमीतून होणार आहेत ती मशीनने उरकू देऊ नका. त्याच रानात वर्षानुवर्षं राबलेल्या सालगड्यांना आणि मजूर बायांना ती पहिली द्या. जे काही ठरवायचं ते पाडव्याच्या आधी ठरवा, चुलते अजून कुणाशी साल बोललेले नाहीत, मुकादम दोनदा घरी येऊन गेलाय.

आपली,
सीनाकाठची एक सेवा केंद्रवाली